काशीच्या विद्यापीठातील रस्ता

आम्हां इंदूरकरांना काशी परकी वाटत नाही. तेथील विश्वनाथाचे मंदिर १७८० मध्ये अहिल्यादेवींनीच पुन्हा उभारले. थोरल्या अक्कांना घेऊन आम्ही गेलो, ते मात्र गंगास्नानाइतकेच त्यांच्या नातीच्या ओढीने. ती हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारातील आयआयटीत शिकते.

१९१६ साली पायाभरणी झालेले हे विद्यापीठ सुमारे १,३०० एकरांवर पसरले आहे. अर्धवर्तुळाकार रस्ते, दुतर्फा गर्द झाडी. सायकलींवरचे विद्यार्थी, रुग्णालयाकडे निघालेली खेड्यांतील माणसे, आवारातल्या नव्या विश्वनाथ मंदिराचे यात्रेकरू, ई-रिक्षा, मोटारी, सारे एकाच रस्त्याने चाललेले. अक्का रस्ता ओलांडायला दोनदा पुढे झाल्या आणि दोनदा मागे फिरल्या.

सायंकाळी नातीने संगणकावर तसाच एक रस्ता दाखविला. जर्मनीत २००१ पासून विकसित होत असलेली ‘सुमो’ ही आज्ञावली मोफत मिळते. तीत प्रत्येक गाडीला, सायकलीला व पादचाऱ्याला स्वतःची चाल देता येते. आपल्याकडे गाड्या रांग धरून चालत नाहीत, म्हणून मार्गिकेच्याही अरुंद पट्ट्या पाडायच्या. मग मोटारीच्या कडेने सायकल सरकू शकते. पादचाऱ्यांचे गणित निराळे. हेल्बिंग व मोल्नार यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या पद्धतीत चालणाऱ्याला मुक्काम पुढे ओढतो आणि आसपासची माणसे दूर सारतात. आम्हांस हे वर्णन यात्रेतल्या गर्दीचेच वाटले.

“ह्यात मी कुठे आहे गं?” अक्कांनी विचारले.

नात क्षणभर गप्प राहिली. तिने सर्वांना सेकंदाला १.२ मीटर ही नेहमीची चाल दिली होती. सात मीटरचा रस्ता तेवढ्यात सहा सेकंदांत ओलांडता येतो. अक्कांची चाल अर्धा मीटर; त्यांना चौदा सेकंद लागणार. ताशी ३० किलोमीटर वेगाची मोटार तेवढ्या वेळात ११७ मीटर येते! एवढी मोकळी जागा गर्दीच्या वेळी मिळायची कोठून? नातीने आकडा बदलला, तेव्हा पडद्यावरची म्हातारी कडेलाच उभी राहिली.

मग तिने रस्त्याच्या मध्यावर थांबायला एक उंचवटा काढला व गाड्यांचा वेग २० वर आणला. आता एका वेळी निम्माच रस्ता, सातच सेकंद. ३९ मीटरांची फट पुरे. म्हातारी पलीकडे गेली. अक्का मनापासून हसल्या.

दुसऱ्या दिवशी खऱ्या रस्त्यावर उंचवटा नव्हता. आम्ही अक्कांचा हात धरला, दुसरा हात वर केला आणि त्यांच्याच चालीने पलीकडे गेलो. एक रिक्षावाला आपण होऊन थांबला.

इंदूरला परतल्यावर सकाळी शाळेच्या फाटकाशी उभे राहिलो. समोरचा रस्ता आम्ही इतकी वर्षे पाहत आलो. पहिलीतल्या मुलाच्या पावलांनी तो कधी मोजला नव्हता. त्या दिवशी घड्याळ हाती घेऊन मोजला.