तळखडा

मराठीत मेढ रोवतात आणि खांब उभा करतात. लग्नाची मुहूर्तमेढ खड्डा खणून जमिनीत पुरायची, कारण मांडव चार दिवसांचा. घराचा खांब मात्र दगडावर बसवायचा, कारण घर नातवंडांपर्यंत पोचायला हवे. या दगडाला तळखडा म्हणतात. शहरातल्या मुलांना तो शब्द समजावून सांगताना माझी नेहमी पंचाईत होते. फळ्यावर काढलेला तळखडा उलट्या टोपलीसारखा दिसतो. खरे तळखडे पाहायचे, तर किल्लारीच्या बाजूला जावे.

लातूरहून औसा, औशाहून लामजना आणि पुढे किल्लारी. दोन्ही बाजूंना काळीभोर रानं, आणि वैशाखात त्यांना हात आत जाईल एवढ्या भेगा. ही माती पावसात फुगते, उन्हात आकसते. तिच्यावर नुसता टेकवलेला खांब दर वर्षी अंमळ वर आणि अंमळ खाली होत राहतो, नि वरचे सांधे खिळखिळे करतो. म्हणून इकडचा जाणता गवंडी मुरूम लागेपर्यंत पाया खणतो.

या भागातली जुनी घरे माळवदाची. खांबांवर तुळया, तुळयांवर सरे आणि फळ्या, वर फूट-दोन फूट मातीचा थर. घराचे मोठेपण खणांवरून मोजायचे. भोवतीची दगडी भिंत दोन-तीन फूट जाड, काही ठिकाणी त्याहूनही अधिक. भिंतीची आतली बाजू वेगळी रचायची, बाहेरची वेगळी, आणि मधल्या पोकळीत चिपा नि माती भरायची. दोन्ही बाजूंना बांधून ठेवणारा आरपार दगड बहुधा नसे. उन्हाळ्यात अशा घरासारखे सुख नाही, हे जावई या नात्याने मी खात्रीने सांगतो.

१९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात किल्लारीला लहान धक्के बसले होते. काही दिवस माणसे अंगणात निजली, मग पुन्हा घरात गेली. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणपती बोळवून गाव झोपले असताना, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी मोठा भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसे गेली. ५२ गावे पुढे नव्या जागी वसवावी लागली.

माझी सासुरवाडी त्यांपैकीच एक. त्या रात्री सासूबाई आणि माझे मेहुणे, तेव्हा सहा वर्षांचे, ढाळजेत निजले होते. भिंत बाहेरच्या अंगाला कोसळली, पण माळवद खांबांवर तोलून राहिले. मामंजी मधल्या घरात भिंतीलगत होते. तिथेही माळवद खाली आले नाही. पण भिंतीचा आतला थर त्यांच्या अंगावर आला.

ही एकाच घराची कथा नव्हे. अनेक ठिकाणी दगड-मातीचे ढीग झाले आणि त्यांच्या मधोमध सागवानी सांगाडे उभे होते. सगळेच सांगाडे टिकले असेही नाही. जिथे लाकूड कुजले होते, जिथे खांब-तुळईचा सांधा ढिला होता, तिथे तो सांगाडा मातीच्या ओझ्यासकट कलंडला. पुढे तज्ज्ञांनी दुरुस्तीचे जे उपाय सांगितले, ते याच अनुभवातले: माळवदाची माती कमी करा, भिंतीत आरपार दगड घाला, खांब आणि तुळईच्या कोनात तिरपे टेकू द्या.

यंदा मेहुण्यांनी पुनर्वसनातल्या घराला पुढे पडवी काढायला घेतली. जुन्या घराचे तीन खांब त्यांनी इतकी वर्षे जपून ठेवले होते. गवंडी म्हणाला, "तीन फूट खड्डा घेतो, खांब उभा करतो, भोवती काँक्रीट ओततो. हत्तीनं ढकलला तरी हलायचा नाही." सासूबाई बाजेवरूनच म्हणाल्या, "जावईबापू, त्याला सांगा. लाकूड मातीत गेलं की माती झालं."

वाचकांपैकी कोणी गावाकडे पडवी किंवा शेतघर बांधत असेल, तर हा वाद त्याच्याही कामाचा आहे. काँक्रीटमध्ये गाडलेला खांब पहिली काही वर्षे भक्कम दिसतो खरा. पण लाकूड वाळून आकसते, भोवती बारीक फट पडते, तिच्यात पावसाचे पाणी शिरते आणि बाहेर निघत नाही. खांब मग नेमका जमिनीच्या रेषेत कुजतो. वाळवीलाही तीच वाट सापडते. उलट नुसत्या दगडावर ठेवलेला खांब कोरडा राहतो, पण जमीन हलली तर तळखड्यावरून घसरू शकतो. आणि हलक्या पत्र्याची पडवी असेल, तर वावटळ तिला खांबासकट उचलू पाहते. पूर्वी माळवदाचे ओझेच खांबाला दाबून धरीत असे.

शेवटी सुताराने तोड काढली. मुरमापर्यंत खणून काँक्रीटचा चौथरा ओतायचा, त्यात ओलेपणीच लोखंडी पट्ट्या रोवायच्या आणि चौथऱ्याचा माथा जमिनीवर वीतभर ठेवून बाहेरच्या अंगाला उतार द्यायचा. खांबाचे बूड पट्ट्यांच्या बेचक्यात, काँक्रीटला न टेकता, बोटभर वर धरायचे आणि आरपार बोल्ट घालून आवळायचे. वर दोन्ही दिशांना तिरपे टेकू. ओळंबा मात्र बोल्ट आवळण्याआधी दोन बाजूंनी पाहायचा, एका बाजूने नव्हे.

शहरातल्या सिमेंटच्या कॉलमचा न्याय निराळा. तो पायातल्या सळ्यांशी एकजीव व्हायला हवा. त्याच्या बुडाशी आणि माथ्याशी कड्या जवळजवळ हव्यात, आणि कडीची टोके आत वळलेली हवीत. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात अहमदाबादेतल्या कित्येक इमारती कोसळल्या. त्यांतल्या बऱ्याच इमारती खालचा मजला मोटारींसाठी मोकळा सोडून नुसत्या कॉलमांवर उभ्या केलेल्या होत्या. फ्लॅट घेताना आपण फरशीचा रंग विचारतो, कड्यांबद्दल कोण विचारतो?

पडवीला चौथा खांब नवा आणावा लागला. सुताराने तो जुन्या तिघांच्या बरोबरीचा तासला, तेल पाजून रंगही जुळवला. सासूबाईंनी हात फिरवून पाहिले आणि तो त्यांच्या बाजेपासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात बसवायला सांगितला.