सहा कोनांचे पानिपत

बुद्धिबळाच्या पटावर एक अन्याय राजरोस चालतो. सरळ शेजारच्या घरात जाणाऱ्यापेक्षा कोपऱ्यातून तिरपा जाणारा सुमारे १.४ पट अंतर तोडतो. हिशेबात मात्र दोघांचेही पाऊल एकच. षट्कोनी घरांच्या पटावर सहाही शेजारी समान अंतरावर असतात. प्रशियाचे सैन्याधिकारी १८२४ पासून नकाशावर लढाया खेळत होते. अमेरिकेत चार्ल्स रॉबर्ट्‌स याने १९५४ साली विकावयास काढलेला युद्धाचा खेळ चौकोनांवरच होता. षट्कोन त्याच्या कंपनीने १९६१ साली घेतले.

ही विद्या आम्हांस पन्नाशी उलटल्यावर आमच्या भाच्याने शिकविली. तो सुट्टीत भांडुपास आमच्याकडे उतरतो. नियम म्हणजे कायद्याचे पुस्तकच. त्यांतला ‘वचका’चा नियम काही केल्या आमच्या डोक्यात शिरेना. शत्रूच्या सोंगटीभोवतालच्या सहा घरांत पाऊल पडले की तेथेच थांबावे, असा तो नियम. “मामा, आपले भांडुपच घ्या ना,” भाचा म्हणाला. पश्चिमेस डोंगर, पूर्वेस मिठागरे आणि खाडी; मधल्या चिंचोळ्या पट्टीतून जुना आग्रा रस्ता आणि १८५३ सालची ठाण्याची आगगाडी. मुलुंडहून घाटकोपरावर निघालेल्या फौजेस येथे दोन पलटणी अडवू शकतील. वाचकहो, ज्या रस्त्यावर आम्ही रोज भाजी घेतो त्याची ही योग्यता आम्हांस प्रथमच कळली!

पुढचा डाव याहून सुंदर. शत्रूच्या समोरासमोरच्या दोन घरांत आपली एकेक सोंगटी उभी केली, की त्याच्या भोवतालची उरलेली चारही घरे वचकाखाली येतात. मग फासा त्याला ‘मागे हट’ म्हणाला, तरी हटावयास जागा नसते.

दिवाळीत भाच्याने स्वतःच पानिपतचा पट आखला आणि भाऊसाहेबांची बाजू आमच्याकडे दिली. ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दाली बागपतजवळ यमुना उतरतो, आणि दिल्लीपर्यंतची घरांची साखळी तुटते. रसद तुटलेल्या सोंगटीचे बळ निम्मे. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले पडतात. त्यानंतर १४ जानेवारीला गारद्यांच्या तोफा कितीही कुशलतेने चालवा, अर्ध्या बळाचे सैन्य अर्ध्या बळानेच लढते. होळकर केव्हा निघाले, कोणी कोणाचे ऐकले नाही, या वादावर आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या घसे कोरडे झाले. पटावर ते प्रश्न येतात तोवर निकाल बहुतेक लागलेला असतो.

मात्र एक वाट उघडी राहते. भाच्याने बुणग्यांच्याही सोंगट्या केल्या आहेत. त्या लढत नाहीत, घरे अडवितात, दाणा खातात. त्यांना मागे टाकून नोव्हेंबरातच झपाट्याने दक्षिणेकडे घुसल्यास सैन्य बहुधा निभावते. दोन डावांत आम्ही तसे करून पाहिले, आणि जिंकलो. आमचे कुटुंब चहा घेऊन आले होते. मागे राहिलेल्या सोंगट्यांकडे पाहून त्यांनी विचारले, “ह्यांत यात्रेला निघालेल्या बायका-मुले ना? त्यांचे पुढे काय झाले?”

नियमाप्रमाणे त्या सोंगट्या डबीत जातात आणि त्यांचे गुण कोणाचेच वजा होत नाहीत. आम्ही भाच्यास म्हटले, येथे काहीतरी वजाबाकी पाहिजे. त्यास ते पटले. परंतु किती आकडा धरावा, यावर आमचे तिघांचे अद्याप एकमत झालेले नाही.