शून्याची नोंद

गतवर्षी दसऱ्याच्या सुटीत बेळगावहून बंगळूर आणि तेथून कोलारच्या सोन्याच्या खाणींकडे जाण्याचा योग आला. बंगारपेठेस मारिकुप्पमची लहान गाडी धरली आणि चॅम्पियन स्थानकावर उतरलो. समोर दळलेल्या खडकाच्या भुकटीच्या राखाडी टेकड्या, आणि खाणींच्या तोंडावरचे मुके लोखंडी मनोरे. येथील खाणी २००१ साली बंद झाल्या. पाण्याचा उपसा थांबला आणि त्या भरून गेल्या.

मी मात्र सोन्यासाठी आलो नव्हतो. आपल्या मस्तकावर विश्वकिरणांचा अदृश्य पाऊस अखंड पडत असतो. त्यातील म्यूऑन नावाचे कण आपल्या तळहातातून दर सेकंदास सुमारे एक या प्रमाणात पार होतात. खडकाखाली हा पाऊस किती उरतो, हे मोजण्यासाठी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ येथे उतरत. काम सोपे नव्हते. खडकातील युरेनियम, थोरियम, पोटॅशियम स्वतःच किरणे सोडतात. कितीही खोल गेले तरी तो गलबला शमत नाही. म्हणून मापके एकाखाली एक मांडून, त्यांतून एकाच क्षणी आरपार जाणारा कण तेवढा हिशेबात धरावयाचा.

१९६० नंतरच्या काही वर्षांत हे मोजमाप टप्प्याटप्प्याने सुमारे पावणेतीन किलोमीटर खोलीपर्यंत गेले. तेथवरची वाट खाणकामगारांनी खोदलेली; खडक फुटून कित्येकांनी या खाणींत प्राण गमावले. त्या तळाशी यंत्रे दोन महिने चालली आणि नोंद झाली ती शून्य! परंतु त्या शून्यानेच दिशा दाखविली. जेथे म्यूऑन पोहोचत नाहीत, तेथेच न्यूट्रिनोची चाहूल लागू शकेल. पुढे १९६५ साली, सुमारे २.३ किलोमीटर खोलीवर, वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंची नोंद येथे झाली. जपानमधील ओसाका व इंग्लंडमधील डरहॅम येथील शास्त्रज्ञही या कार्यात सहभागी होते.

मनोऱ्याकडे पाहताना मला माझ्या शाळेतील एक मुलगा आठवला. विज्ञानाच्या प्रयोगवहीत इतरांनी पुस्तकातील उत्तर उतरविले होते. त्याने मात्र ‘काहीच आढळले नाही’ असे लिहिले होते. मी त्याला सर्वांसमक्ष बोललो होतो.

सुटी संपताच त्याला बोलावून घेतले आणि माझ्या जुन्या तांबड्या शेऱ्याखाली त्याच्यासमोरच नवा शेरा लिहिला : ‘नोंद ग्राह्य.’