मळभातली मुंबई

जुलै महिन्यात मुंबईचा दिवस तेरा तासांचा असतो आणि त्यातले ऊन सरासरी अडीच तासांचेही नसते. मे महिन्यात हेच ऊन दिवसाला नऊ तासांहून अधिक पडते. वर्षातले लांब दिवस आणि वर्षातले सर्वांत काळवंडलेले दिवस या शहरात असे हातात हात घालून येतात. सूर्य तर जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मुंबईच्या अगदी डोक्यावरून जातो. २७-२८ तारखेच्या सुमारास भर दुपारी उभ्या खांबाची सावली नाहीशी व्हावी. मेच्या मध्यावर येणारा पहिला ‘शून्य सावली दिवस’ हौशी मंडळी गच्चीवर जाऊन पाहतात. दुसरा बहुतेक वर्षी कोणाच्याच नजरेला पडत नाही, कारण त्या दिवशी सावलीच काय, सूर्यच बेपत्ता असतो.

उत्तर युरोपातल्या शहरांची उदासी हिवाळ्यातल्या आखूड दिवसांतून येते. मुंबईत दिवस आखूड होत नाही, त्याच्यावर झाकण बसते. अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन येणारे नैऋत्य मोसमी वारे, किनाऱ्याला समांतर पसरणारा कमी दाबाचा पट्टा आणि या वाऱ्यांना वर ढकलणारी सह्याद्रीची भिंत, यांच्यामुळे ढगांचा जाड थर दिवसेंदिवस हलत नाही. हवामान खात्याच्या २०२० च्या सुधारित तारखांनुसार मोसमी पाऊस ११ जूनला मुंबईत येतो आणि ८ ऑक्टोबरला परततो. या काळात सांताक्रूझच्या वेधशाळेत २,००० मिलिमीटरहून बराच जास्त पाऊस मोजला जातो. वेधशाळा पाणी मोजते आणि वर्तमानपत्रेही पाण्याचेच आकडे छापतात. उजेड किती कमी पडला, हे दुसऱ्या दिवशी कोणी छापत नाही.

भाषेने मात्र ही नोंद ठेवली आहे. भुरभुर, रिपरिप, झड, संततधार, मुसळधार हे शब्द पाण्याचे. मळभ, झाकोळ, कुंद हवा, अंधारून येणे हे उजेडाचे, आणि यांतले पहिले दोन मनालाही जसेच्या तसे लागू पडतात. मनावर झड लागली असे कोणी म्हणत नाही. मनावर मळभ येते. पाऊस थांबला की तो ‘उघडला’ म्हणतात, मधल्या कोरड्या वेळेला ‘उघडीप’. झाकण आधीपासून ठाऊक असलेल्या लोकांचीच ही क्रियापदे आहेत. पाऊस आणि मळभ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मुंबईकराच्या मनाचे जे काही होते ते मुख्यतः दुसरीमुळे होते, हे भाषेने फार पूर्वी ओळखलेले दिसते.

शरीरशास्त्राला ते उशिरा कळले. डोळ्याच्या पडद्यात पाहण्याच्या पेशींखेरीज आणखी एक प्रकारच्या पेशी असतात. त्या चित्र दाखवत नाहीत. त्यांच्यातले मेलॅनोप्सिन नावाचे द्रव्य निळसर प्रकाशाने उत्तेजित होते आणि बाहेर किती उजेड आहे एवढीच वर्दी मेंदूतल्या जैविक घड्याळाला पोहोचवते. सकाळचा भरपूर उजेड मिळाला की झोपेचे संप्रेरक मेलॅटोनिन आवरते, घड्याळ जाग्यावर येते. वर्दी अपुरी गेली की घड्याळ रेंगाळते. सकाळी दहा वाजता कार्यालयात बसलेल्या माणसाला पहाटे पाचची गुंगी वाटते ती त्यामुळे, आणि रात्री अकराला झोप न येणेही त्यातूनच.

यात एक फसगत आहे. स्वच्छ दुपारी उघड्यावर सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो. ढगाळ दुपारी तो काही हजारांवर येतो. ट्यूबलाइटच्या खोलीत शंभर ते तीनशे लक्स मिळाले तरी पुष्कळ. हा फरक शेकडो पटींचा आहे, पण डोळ्याची बाहुली मोठी होते, दृष्टी जुळवून घेते आणि माणसाला एवढेच वाटते की आज जरा अंधारलेले आहे. पेपर वाचता येतो, भाजी निवडता येते, मग उजेड कमी पडला कुठे? तो घड्याळाला कमी पडला. डोळ्याचे भागले म्हणून घड्याळाचे भागत नाही.

ऋतूंबरोबर येणाऱ्या नैराश्याचे रीतसर वर्णन १९८४ मध्ये नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत केले. रोझेन्थाल मूळचे दक्षिण आफ्रिकेचे. उन्हाच्या देशातून आलेल्या माणसाला अमेरिकेतला हिवाळा डोळ्यांत भरावा, यात नवल नाही. त्यावरचा उपचारही उजेडाचाच निघाला: सकाळी अर्धा तास दहा हजार लक्सच्या दिव्यासमोर बसणे. पण हा आजार हिवाळ्याचा म्हणून ओळखला जातो. मुंबईतल्या पावसाळी मरगळीला तेच नाव सरसकट चिकटवणे घाईचे ठरेल. जास्त अंधार म्हणजे जास्त उदासी असे साधे त्रैराशिकही येथे चालत नाही. आइसलँडच्या लोकांमध्ये हा विकार अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापेक्षा कमी आढळला, हे १९९३ च्या अभ्यासाने दाखवले होते.

शिवाय माणसे हवेवर नको ते खापर फोडतात. नॉर्बर्ट श्वार्त्स आणि जेराल्ड क्लोर या मानसशास्त्रज्ञांचा १९८३ चा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. त्यांनी उन्हाच्या आणि पावसाच्या दिवशी लोकांना फोन करून आयुष्याबद्दल किती समाधानी आहात, असे विचारले. पावसाच्या दिवशी उत्तरे खालची आली. मात्र ज्यांना आधी ‘तुमच्याकडे हवा कशी आहे?’ असे सहज विचारले होते, त्यांच्यात हा फरक उरला नाही. मनावरचे सावट ढगाचे आहे हे कळल्यावर त्यांनी ते आयुष्याच्या खात्यावर मांडले नाही. पुढे लाखो लोकांच्या उत्तरांत असा परिणाम फारसा सापडला नाही, तेव्हा प्रयोगाचे वजन थोडे कमी धरावे लागते. २०११ च्या एका डच अभ्यासात तर माणसांचे गटच पडले: ऊन मानवणारे, उन्हाला कंटाळणारे, पावसाला कंटाळणारे आणि हवेचे काहीच न वाटणारे. शेवटचा गट सर्वांत मोठा होता.

मुंबईत हा शेवटचा गट किती मोठा असेल ते घराघरांतल्या दोऱ्या पाहून ठरवावे. पावसाळ्यात घराचा जीव दोरीवर टांगलेला असतो. गॅलरीत वाळत घातलेले कपडे पहिल्या सरीला आत येतात. मग त्यांच्यासाठी दिवाणखान्यात एक दोरी बांधली जाते, स्वयंपाकघराच्या दारावर दुसरी, आणि पंखा दिवसभर ‘पाच’वर ठेवला जातो. दुसऱ्या दिवशी कपडे ओले नसतात आणि वाळलेलेही नसतात. ते ‘दमट’ असतात. टॉवेलला कुबट वास येतो. शाळेचा गणवेश इस्त्रीखाली वाफ सोडत वाळवला जातो. मिठाला पाणी सुटते, पापड वातड होतात, कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर हिरवट बुरशी धरते, न्हाणीघराचे दार फुगते आणि ओढल्याशिवाय लागत नाही. यातली एकही गोष्ट दुःख म्हणण्याजोगी नाही. पण घरातल्या बाईला, कारण हे सगळे अजूनही बहुतेक तिच्याच वाट्याला येते, दिवसातून वीसदा एखादी वस्तू पुन्हा पुन्हा हाताळावी लागते. ‘कंटाळा आला’ या दोन शब्दांत ती जे सांगते त्यात मेलॅटोनिन किती आणि टॉवेल किती, हे वेगळे काढता येणार नाही.

उजेडाची वाटणी मुळातच सारखी नाही. समुद्राकडे तोंड असलेल्या घरात ढगाळ दुपारीही पुरेसे दिसते आणि तिथे पाऊस हा देखावा असतो. दाटीवाटीने बांधलेल्या इमारतींच्या खालच्या मजल्यांवर मे महिन्यातही दिवा लावावा लागतो. गोवंडी-मानखुर्द भागातल्या पुनर्वसन वसाहतींचा जो अभ्यास २०१८ मध्ये पुढे आला, त्यात इमारतींमधले अपुरे अंतर, उजेड-वाऱ्याचा अभाव आणि क्षयरोग यांचा संबंध दिसला होता. तो अभ्यास मनाचा नव्हता, फुप्फुसांचा होता. तरी ज्या खिडकीतून हवा येत नाही तिच्यातून उजेडही येत नाही, एवढे त्यावरून सहज कळते. अशा घरात जुलै वेगळा अंधार आणत नाही, आहे त्यातला उरलासुरला उजेड काढून घेतो.

नाक्यावर कामासाठी उभ्या राहणाऱ्या मजुराला, पदपथावरच्या विक्रेत्याला, बाहेरच्या भिंती रंगवणाऱ्याला तर ढग म्हणजे बुडालेला रोज. यांत्रिक मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. कोळीवाड्यात हे दोन महिने जाळी दुरुस्त करण्याचे आणि हात राखून खर्च करण्याचे. अशा माणसाच्या चेहऱ्यावरची काळजी हवेमुळे आली की पैशामुळे, हा प्रश्नच चुकीचा आहे. तापाचेही तसेच. हिवताप, डेंग्यू, लेप्टो यांचा हंगाम हाच. अंगात कसर असलेला माणूस उदास दिसणारच.

एक गोष्ट मात्र बाहेरच्यांना चमत्कारिक वाटते. खऱ्या मुसळधार दिवशी हे शहर उदास नसते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, शेकडो माणसे गेली, आणि त्या रात्री अनोळखी लोकांनी अनोळखी लोकांना घरात घेतले, चहा-बिस्किटे दिली. आजही एखाद्याला त्या दिवसाबद्दल विचारले की तो कुठून कुठे चालत गेला ते स्थानकांच्या नावांसह सांगतो. मुसळधार दिवसाला गोष्ट असते. रिपरिपीच्या आठवड्याला नसते. त्यात फक्त थांबणे असते: गाड्या उशिराने धावत आहेत, इंडिकेटर कोरा आहे, डब्याच्या खिडक्या बंद आहेत, शेजाऱ्याची छत्री आपल्या पायावर ठिबकते आहे, आणि बारा दिवसांपूर्वीही हेच होते. माणूस संकटाला कंबर कसतो. ज्याला संकटही म्हणता येत नाही, त्याच्यापुढे तो नुसता मंदावतो.

याच काळात रोज सकाळी पेपरात सात तलावांची पातळी छापून येते. विहार आणि तुळशी शहरातच आहेत, पण मुंबईची तहान मुख्यतः भागवणारे भातसा, तानसा, मोडक सागर आणि दोन्ही वैतरणा दूर ठाणे-नाशिककडे आहेत. ‘पडायचे तर तलावात पड, इथे कशाला?’ हे प्रत्येक पावसाळ्यात ऐकू येणारे वाक्य त्यामुळे भूगोलाला धरूनच आहे. मळभाला वैतागलेला माणूसच तलाव भरल्याची बातमी समाधानाने वाचतो. दोन्ही भावना खऱ्या असतात आणि एकाच चहाच्या कपात मावतात.

जुन्या पंचांगाने या दिवसांना मोकळे सोडलेले नाही. आषाढाच्या शेवटच्या दिवशी दिव्यांची आवस: घरातले सगळे दिवे घासूनपुसून पाटावर मांडायचे आणि लावायचे. पाठोपाठ श्रावण आणि त्यातले सणवार. रात्र जागवणारी मंगळागौर, समुद्रावर नेणारी नारळी पौर्णिमा, रस्त्यावर आणणारी दहीहंडी, मग गणपती. हे सगळे मनाच्या इलाजासाठी बेतले होते असा दावा करण्याला आधार नाही. माणसे घराबाहेर पडतात, एकत्र येतात, दिवे लागतात, एवढे मात्र होते. गणपतीचा मंडप हा अनेक वस्त्यांतला त्या हंगामातला सर्वांत झगझगीत कोपरा असतो.

व्यवहारापुरते सांगायचे तर दहा हजार लक्सचा दिवा विकत घेण्याची मुंबईत क्वचितच गरज पडेल. ढगाळ सकाळीही गॅलरीत, गच्चीवर किंवा सोसायटीच्या आवारात खोलीपेक्षा कैक पट उजेड असतो. चहा तिथे, छत्री घेऊन का होईना, घ्यावा. दोन आठवडे उलटूनही मन उठत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर ते हवेवर ढकलू नये. डॉक्टरांना दाखवावे, किंवा सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक फिरवावा.

ऑगस्टच्या उत्तरार्धात एखाद्या दुपारी अचानक उघडीप मिळते. पंधरा मिनिटांत इमारतीच्या सगळ्या गॅलऱ्या भरतात. गाद्या कठड्यावर येतात, चपला उन्हाकडे तोंड करून ठेवल्या जातात, सतरंज्या झटकल्या जातात, आणि एरवी जिन्यात मान हलवून जाणारी माणसे समोरासमोरच्या गॅलऱ्यांतून एकमेकांशी मोठ्याने बोलू लागतात. ऊन अर्धा तास टिकते. ऑक्टोबरात ते पुन्हा दिवसाला सात-आठ तास पडू लागते, आणि त्याच गॅलऱ्यांच्या दारांवर, पहिल्याच आठवड्यात, पडदे ओढलेले दिसतात.