वाटाण्याचा कोंब

स्वप्नांवर विश्वास ठेवा, ती खरी होतात, हे हल्ली भिंतीवरच्या कॅलेंडरपासून मोबाइलवरच्या शुभ सकाळपर्यंत सगळीकडे वाचायला मिळतं. शेजारी बहुधा उगवता सूर्य असतो, नाहीतर डोंगरमाथ्यावर हात पसरून उभा असलेला कुणीतरी. चढताना त्याच्या गुडघ्यांचं काय झालं, ते काही चित्रात येत नाही. मला अशा वेळी कुंडीतला एक वाटाणा आठवतो.

कुंडी मुंबईची, साल १९१२. तिच्यासमोर कॅमेरा रोखून बसलेला माणूस चाळिशी ओलांडलेला. जे. जे.त चित्रकला, बडोद्याच्या कलाभवनात आणखी काय काय शिकलेला, गोध्र्यात फोटो स्टुडिओ काढून बसलेला, तिथे प्लेगात बायको आणि मूल गमावलेला, मग सरकारी पुरातत्त्व खात्यात, मग छापखान्यात. मधल्या काळात आडनावाची अक्षरं उलटी करून ‘प्रोफेसर केल्फा’ या नावाने जादूचे प्रयोगही. भागीदारांशी बिनसलं आणि छापखानाही सुटला. आपल्याकडे अशा माणसाला ‘धड एका जागी टिकत नाही’ म्हणतात आणि मुलीचे वडील सावध होतात. त्र्यंबकेश्वरच्या धुंडिराज गोविंद फाळक्यांचं तोवरचं आयुष्य हे असं होतं.

१९११ साली मुंबईच्या तंबूवजा थिएटरात त्यांनी ख्रिस्ताचं चरित्र पडद्यावर पाहिलं आणि ख्रिस्ताच्या जागी त्यांना राम-कृष्ण दिसू लागले. दिसणं सोपं होतं. त्या संध्याकाळी त्या थिएटरात बसलेल्या आणखी कुणालाही ते दिसलं असेल, घरी जाऊन जेवणात विसरलंही गेलं असेल. फाळके मात्र रोज चित्रपट बघत सुटले, फिल्मचे तुकडे न्याहाळत रात्री जागले, इतके की डोळेच गेले. डॉक्टरांच्या उपचारांनी दृष्टी परत आली. मग विम्याची पॉलिसी गहाण टाकून स्वारी लंडनला. तिथे चित्रपटांच्या साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांनी आधी हिंदुस्थानात हा धंदा जमायचा नाही असं सांगून पाहिलं, आणि गडी ऐकत नाही म्हटल्यावर सेसिल हेपवर्थच्या स्टुडिओपर्यंत पोचवलं. परत येताना विल्यमसन कॅमेऱ्याची मागणी नोंदवून आले.

कॅमेरा आला, पण चित्रपटाला लागणारा पैसा कुठून आणायचा? खिशात फक्त खात्री, आणि खात्री काही सावकाराकडे गहाण ठेवता येत नाही. म्हणून तो वाटाणा. कुंडीत पेरलेलं बी, समोर न हलणारा कॅमेरा, ठरावीक अंतराने टिपलेली एकेक चौकट, असं महिनाभर. पडद्यावर लावलं तेव्हा मिनिट-दोन मिनिटांत माती फुटली, कोंब वर आला, वेल आधाराला चाचपडत चढला. ज्यांनी पैसा लावावा अशा लोकांना हे दाखवलं आणि कर्ज उभं राहिलं. मला या गोष्टीत कोंबापेक्षा तो महिना जास्त मोलाचा वाटतो. लहान मुलांच्या घरात कुंडीला आणि कॅमेऱ्याच्या पायांना धक्का लागू द्यायचा नाही, आणि कालच्यापेक्षा आज काही वेगळं दिसत नसताना पुन्हा हँडल फिरवायचं. विश्वास असा असतो. बघणाऱ्याला तो खुळ्यासारखा दिसतो.

आणि त्या घरात हे खूळ एकट्याचं नव्हतं. त्यांच्या दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने काढून दिले, हे सगळे सांगतात. आपल्याकडे त्यागाची गोष्ट दागिन्यांपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. पण त्यांनी भोकं पाडली, हे कमी सांगितलं जातं. कच्ची फिल्म तेव्हा कोरी यायची. यंत्रात धावायला तिच्या दोन्ही कडांना भोकं लागतात, एका चौकटीला प्रत्येक कडेला चार. फुटात सोळा चौकटी, म्हणजे फुटाला एकशे अठ्ठावीस भोकं. त्या कर्जातून उभा राहिलेला ‘राजा हरिश्चंद्र’ ३,७०० फुटांचा. हिशेब पावणेपाच लाखांच्या घरात जातो, आणि तोही फक्त पडद्यावर पोचलेल्या लांबीचा. हातयंत्राने, अंधारात, भोक जरा हुकलं तर चित्र पडद्यावर नाचणार. दिवसभर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडणं, आणि रात्री हे. फिल्म धुण्याची रसायनंही त्याच कालवायच्या.

तारामती व्हायला बाई मिळेना, तेव्हा ग्रँट रोडच्या उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना पातळ नेसवलं. रोहिदासाला सर्पदंश होतो. पडद्यावर का होईना, आपलं पोर मरायला कोण देणार? शेवटी फाळक्यांचा भालचंद्रच रोहिदास झाला. आईने त्या दिवशी काय केलं असेल? तिला बहुधा बसून रडायला वेळ नसेल, माणसं जेवायची होती.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये चित्रपट लागला आणि चालला.

आता याच विश्वासाने दागिने मोडून बुडालेल्यांची गावं भरतील, हेही खरं. त्यांच्या नावाचे पुरस्कार नसतात. खुद्द फाळक्यांनाही विश्वासाने दरवेळी तारलं नाही. काढलेली कंपनी सोडून ते काशीला जाऊन बसले, परत आले, बोलपट आल्यावर मागे पडले. १९३७ साली, सदुसष्टाव्या वर्षी, कोल्हापुरात ‘गंगावतरण’ केला आणि तो शेवटचा ठरला. १९४४ साली नाशिकला वारले तेव्हा उद्योग बराच पुढे निघून गेला होता. म्हणून ‘विश्वास ठेवा, होईलच’ हे मला पटत नाही. न ठेवणाऱ्याने महिनाभर कुंडीसमोर कॅमेरा लावला नसता, एवढंच पटतं. होणं न होणं नंतरचं.

तरी मधली काही वर्षं भरभराटीची गेली. १९१७च्या ‘लंका दहन’मध्ये साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही भूमिका केल्या, आणि लोक तरीही रांगा लावून आले. गल्ल्याची नाणी बैलगाडीत घालून न्यावी लागली असं सांगतात. त्यातल्या पहिल्या गाडीच्या पैशांतून घरातले दागिने सुटले असावेत, अशी मी आपली आशा धरतो.