चार अधिक पाच

कॉस्टिंगच्या तासाला आमचे सर एक व्याख्या फळ्यावर लिहून देतात. जो खर्च होऊन गेला आणि पुढे काहीही ठरवले तरी परत यायचा नाही, तो बुडीत खर्च. नवा निर्णय घेताना तो हिशेबात धरू नये. परीक्षेत या व्याख्येला दोन गुण असतात. आमच्या घरात मात्र या दोन गुणांवरून वर्षभर जेवणे गार झाली.

माझा दादा सिव्हिल इंजिनिअर. चार वर्षांचा अभ्यासक्रम पहिल्या वर्गात पुरा केला, एका ठेकेदाराकडे महिना अठरा हजारांवर लागलाही. दीड वर्षाने एका रविवारी तो म्हणाला, "बाबा, मी आर्किटेक्चरला जातोय." म्हणजे आणखी पाच वर्षे! बारावीचे गणित होतेच, 'नाटा' ही प्रवेशपरीक्षा त्याने गुपचूप देऊन टाकली होती. इंजिनिअरिंगची पदवी हातात असूनही प्रवेश पहिल्याच वर्षाला. अठरा वर्षांच्या पोरांशेजारी हा चोवीस वर्षांचा घोडा ड्रॉइंग बोर्ड घेऊन बसणार.

आता गंमत पाहा. आपण मराठीत सिव्हिल इंजिनिअरिंगला 'स्थापत्य अभियांत्रिकी' म्हणतो आणि मंदिराच्या देखणेपणाबद्दल बोलतानाही 'स्थापत्य' म्हणतो. आमच्या कन्नडच्या मैत्रिणी सरळ 'वास्तुशिल्प' म्हणतात, त्यात निदान शिल्प तरी आहे. बाबांचा पहिला मुद्दा हाच होता: दोन्हींत घरच बांधायचे ना, मग फरक कसला?

फरक दादाला राजेगावात कळला. राजेगाव हे आमचे मूळ गाव, मध्य प्रदेशात, बालाघाट जिल्ह्यात. बाघ नदी ओलांडली की गोंदिया जिल्हा, म्हणजे महाराष्ट्र. बाबा नोकरीमुळे बेळगावात आले आणि इथलेच झाले; मी मराठी शाळेत शिकले, कन्नड गल्लीत. गावाकडे भाताची थोडी शेती आणि आजोबांचे घर आहे. जाड मातीच्या भिंती, बांबूवर कवेलू, पुढे बुटकी सपरी. एका पावसाळ्यात मागची भिंत बसली, तेव्हा नवा इंजिनिअर म्हणून दादालाच सगळ्यांनी नकाशा काढायला लावला. त्याने मागे दोन खोल्या काढल्या. कॉलम, बीम, वर सपाट स्लॅब. लोखंडाचा हिशेब त्याने तीनदा तपासला. गावात त्या खोल्या बघायला माणसे आली.

पुढच्या मे महिन्यात आम्ही गेलो, तर आजीची खाट सपरीतच! नव्या खोल्यांत धानाची पोती. दादाने विचारले तर ती म्हणाली, "त्या सिमिटाच्या खोलीत जीव घाबरते, बाबू."

दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर ती उष्णता खाली सोडत राहतो. कवेलूंच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते, मातीची भिंत ऊन आत यायला वेळ लावते, सपरीची बुटकी कड दुपारचे ऊन उंबऱ्याबाहेर अडवते. हे कुणा अडाण्याचे नशीब नव्हते, कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या विचार केलेला होता. दादा मला म्हणाला, "छत पडणार नाही, हे मी लिहून देऊ शकतो. आजी तिथं का झोपत नाही, हे मला कुणी विचारलंच नव्हतं." परतीच्या गाडीत तो फारसा बोलला नाही.

मग घरात रोज वाद. दादाने मोठी नावे काढली. फ्रँक लॉइड राइट विस्कॉन्सिन विद्यापीठात सिव्हिल इंजिनिअरिंग शिकत होता, पदवी न घेताच वास्तुकलेकडे गेला. आय. एम. पेई एम.आय.टी.त इंजिनिअरिंगसाठी गेले, तिथल्या अधिष्ठात्यांनी त्यांना वास्तुकलेकडे वळवले, १९४० साली त्यांनी तीच पदवी घेतली. बाबा शांतपणे म्हणाले, "ज्यांचं जमलं त्यांची नावं तुला पाठ आहेत. ज्यांचं नाही जमलं त्यांची यादी कुठं मिळते?" यावर दादाजवळ उत्तर नव्हते, आणि खरे सांगायचे तर माझ्याजवळही नाही.

बाबांनी कायदाही वाचून काढला. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्याने 'आर्किटेक्ट' ही उपाधी राखून ठेवली आहे, पण २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की तो कायदा उपाधीपुरता आहे, आराखडे करण्याचे काम इतरांना बंद नाही. "मग एका पाटीसाठी पाच वर्षं?" दादा म्हणाला, "पाटीसाठी नाही, शिकण्यासाठी."

मला मात्र आठवला तो कोल्हापूरचा नवा राजवाडा. शाळेच्या सहलीत आपण सगळ्यांनीच तो काळ्या दगडाचा, घड्याळाच्या मनोऱ्याचा वाडा पाहिला आहे. १८७७ ते १८८४ या काळात तो बांधला गेला. त्याचा आराखडा करणारे मेजर चार्ल्स मँट हे मुळात लष्करी इंजिनिअर. बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडाही त्यांचाच. पण आपले गणित चुकले आहे, वाडा कोसळणार, या भीतीने त्यांचे मन बिघडले असे सांगतात. १८८१ साली ते वारले, बडोद्याचे काम पुढे रॉबर्ट चिझम यांनी पुरे केले. तो वाडा आजही उभा आहे. मँटना वाडा पडण्याची भीती होती, आमच्या दादाच्या खोल्या ठणठणीत उभ्या आहेत आणि त्यांत कुणी राहत नाही!

हिशेब मीच मांडला. अठरा हजार गुणिले साठ महिने, दहा लाख ऐंशी हजार. हा न मिळालेला पगार, फी निराळी. इंजिनिअरिंगची चार वर्षे बुडीत खर्च म्हणून मी वहीत बाजूला काढली. ती बाबांना दाखवली, तर ते म्हणाले, "हे तुझ्या पुस्तकात बुडीत असेल. मी ते भविष्यनिर्वाह निधीतून काढून भरलेत." पुस्तकात खर्च होतो तो एका कंपनीचा. घरात एकाचा खर्च बुडाला की पुढच्याच्या खात्यात तो उगवतो, आणि पुढची मी आहे. दादाने शैक्षणिक कर्ज काढले, त्यावर सहकर्जदार म्हणून बाबांची सही आहे. बाबांच्या निवृत्तीला तीन वर्षे. माझ्या एम.बी.ए.साठी त्यांनी दुसऱ्या कर्जावर सही करावी, हे मी मागणार नाही. सी.ए.ची फी त्या मानाने कमी, आर्टिकलशिपमध्ये थोडे विद्यावेतनही मिळते, तेव्हा मी ती वाट धरते आहे. मला राग आला होता. अजून पुरता गेलेला नाही, आणि दादाला तो ठाऊक आहे.

यंदाच्या सुट्टीत त्याला गावचे एक घर मोजून त्याचे नकाशे करायचे होते. त्याने राजेगावचेच निवडले. टेपचे दुसरे टोक धरायला मी. सपरीची कड जमिनीपासून किती, भिंत किती जाड, कवेलूंचा उतार किती, तो विचारी आणि मी आकडे लिही. आजी खाटेवरून म्हणाली, "आता मोजून काय करतेस, बाबू? खोल्या तर बांधून झाल्या." दादाने तिला उठवून खाट सरकवली आणि खाटेखालची जागाही मोजली.