एकाच घरातली दोन पुस्तके

ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताचे चरित्र ओवीत बांधायला घेतले, पण 1919 साली ते गेले तेव्हा काव्य सुरुवातीच्या अध्यायांपाशीच थांबले होते. पुढचे अध्याय त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी रचले आणि 'ख्रिस्तायन' पुरे केले. शाळेत न गेलेल्या, लग्नानंतर नवऱ्याच्या हट्टाने अक्षरओळख झालेल्या बाईचे हे काम. याच लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग 1934 साली आला. दोन्ही पुस्तके एकाच घरातली, एकाच श्रद्धेतून आलेली. पण पहिले आमच्या मंडळीबाहेर फार थोड्यांनी उघडले, आणि दुसऱ्याला वगळून मराठी आत्मचरित्राविषयी बोलताच येत नाही. मी मराठी ख्रिस्ती आहे. 'उपासना संगीत' हातात धरून टिळकांची भजने म्हणणाऱ्या मंडळीत वाढले, त्यामुळे दोन्ही पुस्तके मला आपली वाटतात. तरीही ख्रिस्ती माणसाने संस्कृतीत कसे वावरावे, तिच्यात काय घालावे, असा विचार करू लागले की मी दर वेळी या दोन पुस्तकांतल्या फरकापाशी येते. आमच्या पुष्कळशा प्रश्नांचे उत्तर त्या फरकात आहे, असे मला वाटते.

एक पुस्तक धार्मिक आणि दुसरे लौकिक, म्हणून असे झाले, हे उत्तर पटण्यासारखे नाही. 'स्मृतिचित्रे'त धर्म पानोपानी आहे. नवऱ्याने 1895 साली बाप्तिस्मा घेतल्यावर आलेली ताटातूट, सोवळ्याशी चाललेले झगडे, मनातली शिवाशिव हळूहळू गळून पडणे, शेवटी स्वतः घेतलेला बाप्तिस्मा, हे सारे वगळले तर पुस्तकात उरेल काय? फरक आहे तो सांगण्याच्या रीतीत. लक्ष्मीबाई कोणाला काही पटवून द्यायला बसलेल्या नाहीत. टिळकांवर त्यांची भक्ती आहे, तरी टिळकांचा विक्षिप्त राग त्या झाकत नाहीत. स्वतःचा अडाणीपणा, स्वतःचा सोवळ्याचा ताठा त्या तितक्याच मोकळेपणी मांडतात. इतके खरे बोलण्याचे धैर्य त्यांना कुठून आले? मला वाटते, देवापुढे आपले काहीच लपलेले नाही, आणि लपलेले नसूनही आपण स्वीकारलेले आहोत, या विश्वासातून ते आले. श्रद्धा तिथे विषय म्हणून थोडी आणि नजर म्हणून फार आहे. 'ख्रिस्तायना'त ती विषय झाली. ज्यांना तो विषय ठाऊक होता त्यांनी ते प्रेमाने वाचले, आणि बाकीच्यांना त्यात आपले जगणे दिसले नाही.

बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटना'त तर हे दोन्ही धागे एकाच पुस्तकात दिसतात. ते 1857 साली आले, विधवाविवाहाचा कायदा झाल्यावर वर्षभराने. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून ते आज अभ्यासले जाते. त्यातला धर्मोपदेश अभ्यासकही भराभर उलटतात, पण विधवांची केशवपने, त्यांचे कोंडलेले दिवस, घरातल्याच माणसांनी केलेले हाल वाचताना हात थांबतो. उपदेश लिहिणारे त्या काळी पुष्कळ होते. विधवांच्या घराघरात डोकावून तिथे दिसलेले कादंबरीत मांडणारे मात्र पदमनजी पहिले, आणि त्यांना तिकडे डोकवायला लावणारी त्यांची श्रद्धाच होती, हे नाकारून चालणार नाही. पंडिता रमाबाईंनी 1889 साली अमेरिकेवर लिहिलेले पुस्तकही श्रद्धेच्या अशाच नजरेतून आले. टिळकांच्या निसर्गाच्या, फुलामुलांच्या कविताही याच जातीच्या. त्यांच्या नगरच्या घरी राहून बालकवींसारखा कवी वाढला. त्याला कोणी ख्रिस्ती केले नाही, त्याच्या कवितेला माया मात्र मिळाली. ही माया आमच्या इतिहासात नीट नोंदली गेली नाही.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो खरा असल्यामुळे बोचतो. हे सगळे लिहिणे, शाळा, छापखाने धर्मांतराची साधने होती, मग त्याला संस्कृतीची सेवा का म्हणायचे? या आक्षेपाला उत्तर देताना गोव्यापासून सुरुवात करावी लागते, कारण आमच्या बाजूचे सर्वांत वाईट पान तिथलेच आहे. 1560 साली गोव्यात इन्क्विझिशनचे धर्मन्यायालय बसले. 1567 साली तिथल्याच साष्टीतली देवळे पाडली गेली. फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यात आले ते अशा पाडापाडीनंतरच्या साष्टीत. ज्यांची पुराणे हिसकावली गेली होती त्या नवख्रिस्ती लोकांसाठी त्यांनी ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' रचले, आणि ते 1616 साली रायतूरला छापले गेले. मराठीचे इतके मनापासून कौतुक करणारा परका माणूस त्या काळात दुसरा शोधून सापडत नाही. पण ते पुराण ज्या पोर्तुगीज सत्तेच्या सावलीत जन्मले, त्याच सत्तेने 1684 साली स्थानिक भाषेवर फर्मान काढले आणि लोकांना पोर्तुगीज शिकायला तीन वर्षांची मुदत दिली. या घटना शेजारी ठेवल्या की माझ्या मनात शंका राहत नाही. हातात दंडा घेऊन आलेल्या ख्रिस्ती धर्माने गोव्यात संस्कृती उजाड केली. लोकांच्या ओवीपुढे लवून, तिचे नियम शिकून, तिच्या कसोटीला उतरायला तयार झालेल्या एका धर्मगुरूने मात्र असे काही दिले की चार शतकांनी मराठीचे अभ्यासक त्याच्या ओव्या तपासत बसतात. स्टीफन्समुळे देवळे पाडल्याचा दोष फिटत नाही, आणि त्या दोषामुळे स्टीफन्सही खोटा ठरत नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या मिशनच्या कामांची यादी आमच्या व्याख्यानांत हमखास वाचली जाते. शब्दकोश, व्याकरण, विरामचिन्हे, मुलींच्या शाळा, 1842 साली नगरला सुरू झालेले 'ज्ञानोदय' हे पत्र. ती खोटी नाही, पण तिच्यातला अभिमान मला चुकीच्या जागी वाटतो. जावजी दादाजी लहानपणी मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात लागले, तिथे खिळे पाडण्याचे काम शिकले आणि पुढे त्यांनी निर्णयसागर उभा केला. त्या देखण्या टाइपात छापले काय, तर संस्कृत काव्ये, नाटके आणि शास्त्रग्रंथ. सावित्रीबाई फुल्यांनी अध्यापनाचे धडे घेतले ते नगरला मिस फेरार यांच्या संस्थेत, आणि त्या शिकवू लागल्या त्या जोतीरावांच्या शाळेत, आपल्या हेतूने, आपल्या पद्धतीने. मिशनच्या हिशेबात कदाचित हे दोन्ही अपयश ठरेल, कारण दोघेही ख्रिस्ती झाले नाहीत. मला मात्र हीच खरी देणगी दिसते. घेणाऱ्याने जे आपले करून आपल्या कामाला लावले, ते देणाऱ्याच्या हातून सुटले आणि संस्कृतीचे झाले. ज्याची दोरी आपण हातात ठेवतो, ते दान नसते. साधन म्हणून सुरू झालेले काम साधन राहिलेच पाहिजे असे नाही, आणि धर्मांतराच्या आक्षेपाला माझ्याकडे यापेक्षा चांगले उत्तर नाही.

दुसरा आक्षेप मंडळीच्या आतला आहे. ओवी, अभंग, कीर्तन, टाळमृदंग हे सगळे विठोबाच्या दारातून आलेले. ते उपासनेत घेतले की सुवार्ता पातळ होते, असे म्हणणारे आजही आहेत आणि त्यांची कळकळ मी कमी लेखत नाही. पण ज्या चालींना ते शुद्ध ख्रिस्ती म्हणतात त्याही युरोप-अमेरिकेतल्या कुठल्या ना कुठल्या संस्कृतीच्याच चाली आहेत. टिळक तुकारामाच्या वाटेने ख्रिस्ताकडे आले, हे त्यांनी कधी लपवले नाही. 1917 साली मिशनची नोकरी सोडून, संन्याशासारखे राहून त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला, तो ख्रिस्ताच्या भक्तीला या मातीत स्वतःच्या पायांवर उभे करण्यासाठी. त्यांची भजने नसती तर माझ्या आजीच्या पिढीच्या प्रार्थनेला भाषांतराचाच वास राहिला असता. ज्याला आपल्या भाषेत देवाशी बोलता येत नाही, त्याच्याकडे शेजाऱ्याला देण्यासारखे फारसे काही उरत नाही. वसईचे बिशप आणि नंतर पुण्याचे बिशप झालेले थॉमस डाबरे यांनी तुकारामांच्या ईश्वरानुभवावर संशोधन केले. त्याने त्यांची श्रद्धा पातळ झाली असे कोणी म्हणणार नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड जातो. ज्या नावांवर आम्ही उभे आहोत ती टिळकांची, लक्ष्मीबाईंची, रमाबाईंची आहेत, म्हणजे ब्राह्मण घरांतून आलेल्यांची. मराठवाड्यातल्या आणि नगरकडच्या मंडळ्या भरल्या त्या महार-मांग वस्त्यांतून. त्यांना विचारावे लागते, ज्या संस्कृतीने तुम्हाला गावकुसाबाहेर ठेवले तिला तुम्ही काय म्हणून काही द्यावे? इथे घाईने उत्तर देणे अन्यायाचे होईल. ओवी वरच्या जातींची नाही; ती जात्यावर बसलेल्या सगळ्या जातींच्या बायांची आहे, आणि अभंग चोखोबा-सोयराबाईंचाही आहे, एवढे म्हणता येते. रमाबाईंनी बायबलचे मराठी भाषांतर हिब्रू आणि ग्रीकवरून केले ते साध्या बाईला कळावे म्हणून, आणि केडगावच्या त्यांच्या मुक्ती सदनातल्या बायांनीच ते जुळवले, छापले, हेही खरे. 1855 साली मांग जातीतल्या मुक्ता साळवे या मुलीचा, जोतीरावांच्या शाळेतल्या विद्यार्थिनीचा, मांगमहारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदया'ने छापला. ती ख्रिस्ती नव्हती. तिने आपले म्हणणे आपल्या शब्दांत मांडले आणि एका ख्रिस्ती पत्राने त्याला जागा दिली. दलित साहित्याचा मागोवा घेताना आज त्या निबंधापर्यंत जावे लागते. तरी आक्षेपाचा गाभा शिल्लक राहतोच. गावोगावच्या ख्रिस्ती कीर्तनकारांचे, धर्मशिक्षकांचे, दारोदार फिरणाऱ्या बायबलबायांचे जगणे मराठी साहित्यात जवळजवळ आलेलेच नाही. 1978 साली 'बलुतं' आले आणि पुढे दलित आत्मकथनांची रांग लागली, त्यात आमच्या घरांचा आवाज क्षीण आहे. बाप्तिस्म्यानंतरही टिकलेली जात आणि मंडळीतली वेगळी बाके यांविषयी 'स्मृतिचित्रे'इतके खरे पुस्तक या घरांतून यायला हवे, आणि ते मंडळीला दुखावेल म्हणून आम्ही थांबवता कामा नये.

2011च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक सुमारे 10 लाख 80 हजार होते, एक टक्क्यापेक्षा किंचित कमी. इतक्या थोड्यांनी काय करायचे, असे निराशेने बोलले जाते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे त्याला उत्तर होते. वसईचे पाणी आणि हिरवळ वाचवण्याच्या लढ्यात ते सर्व धर्मांच्या वसईकरांबरोबर उभे राहिले. 'सुवार्ता' मासिक त्यांनी वर्षानुवर्षे चालवले आणि त्यात मंडळीबाहेरचे लेखक आणि मंडळीबाहेरचे प्रश्न आणले. जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा धर्मगुरू अध्यक्ष कसा, असा विरोध झाला. पण मराठी वाचक त्यांना आधीपासून ओळखत होता, म्हणून तो विरोध टिकला नाही. आमची मुले मात्र आता इंग्रजी शाळांत जातात, प्रार्थनाही इंग्रजीकडे झुकते आहे. आमच्यातले चांगले लिहिणारे आमच्याच मासिकांत, आमच्याच संमेलनांत लिहितात-वाचतात. तिथे कौतुक होते, पण धार लागत नाही. त्यांनी सर्वांच्या दिवाळी अंकांकडे लेखन पाठवावे, परत आले तर सुधारून पुन्हा पाठवावे. आणि मंडळ्यांनी एक काम लगेच हाती घ्यावे: जुन्या मिशन बंगल्यांतल्या, चर्चच्या कपाटांतल्या कीर्तनाच्या वह्या, पत्रे, नोंदवह्या आणि 'ज्ञानोदया'चे जुने अंक वाळवीच्या आधी अभ्यासकांच्या हाती द्यावेत, मग तो अभ्यासक कोणत्याही धर्माचा असो आणि त्यातून आमच्याविषयी काहीही लिहो.